श्रेयनिर्देश आणि संहिता : मुक्तस्रोत आज्ञावलीच्या संदर्भात कर्तृत्वाचा विचार

१

भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘साहित्यकृती’ची जी व्याख्या आहे, तिच्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही कायद्याने करून घेतलेली एक सोय वाटण्याचा संभव आहे. कादंबरी आणि आज्ञावली यांना एकाच संज्ञेखाली आणल्याने आज्ञावलीला वाङ्मयीन मूल्य प्राप्त होत नाही, हे उघड आहे. तथापि आज्ञावली लिहिली जाते, वाचली जाते, तिच्या प्रती निघतात, तिच्यात इतरांकडून भर पडते, आणि ती कोणाची हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. म्हणजेच संहिता, पाठ, प्रक्षेप आणि कर्तृत्व या ज्या संकल्पनांशी आपला नित्याचा संबंध आहे, त्या येथेही लागू पडतात. विशेषतः ‘मुक्तस्रोत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या क्षेत्रात कर्तृत्वाचा प्रश्न अशा रीतीने उभा राहतो की, लेखकाविषयीची आपली काही गृहीते त्यामुळे पुन्हा तपासून पाहावी लागतात. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूचा सिद्धांत मांडला, आणि मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये ‘लेखक’ ही संहितांच्या अभिसरणाचे नियमन करणारी एक कार्यसंकल्पना असल्याचे प्रतिपादन केले. फूको यांच्या विवेचनात ऐतिहासिक स्वरूपाचे दोन मुद्दे आहेत. लेखन दंडनीय ठरू लागले तेव्हा लेखकाच्या नावाची गरज निर्माण झाली, हा पहिला; आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लेखन मालमत्तेच्या व्यवस्थेत सामावले गेले, हा दुसरा. या मांडणीवरून पुष्कळदा असे अनुमान काढले जाते की, मालमत्तेची चौकट दूर झाली म्हणजे लेखकाच्या नावाचेही प्रयोजन संपेल.

मुक्तस्रोत आज्ञावलीचा व्यवहार ही या अनुमानाची प्रत्यक्ष परीक्षा आहे. येथे कायद्याने हक्क लेखकाकडेच राहतो. परंतु त्या हक्काच्या बळावर इतरांना रोखण्याची सत्ता तो बहुतांशी सोडून देतो. नक्कल करणे, फेरफार करणे, वाटणे, विकणे या सर्वांची अनुज्ञा तो आगाऊ देतो. असे असूनही एक मागणी तो राखून ठेवतो : आपले नाव व परवान्याचा मजकूर पुसला जाऊ नये. एमआयटी परवान्यासारख्या अत्यंत त्रोटक आणि उदार परवान्यात जवळजवळ तेवढीच एक अट आहे. मालकीचा आग्रह मावळल्यावरही जे नाव उरते, ते कशाचे द्योतक मानावे? या लेखातील विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे.

२

आज्ञावली ही दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिलेली संहिता असते. एक वाचक यंत्र. दुसरा, ती समजून घेऊन तिच्यात बदल करू पाहणारा माणूस. लेखकाचे नाव, वर्ष, परवाना आणि बदलांची नोंद ही सामान्यतः संहितेच्या माथ्यावर टिपेच्या रूपात लिहिलेली असतात, आणि यंत्रासाठी संहितेचे रूपांतर होताना या टिपा वगळल्या जातात. त्या काढून टाकल्या तरी आज्ञावलीच्या कार्यात यत्किंचितही फरक पडत नाही. म्हणून श्रेयनिर्देश पुसणे हा तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपा अपराध आहे; त्याची खूण यंत्राच्या वर्तनात सापडत नाही. यातूनच हेही स्पष्ट होते की, श्रेयनिर्देश हा सर्वस्वी मानवी वाचकाला उद्देशून केलेला भाग आहे. आज्ञावली ‘चालते’ एवढ्यावर जो थांबतो, त्याला तो अनावश्यक वाटतो. जो तिला संहिता म्हणून वाचतो, त्याला तो वाचनाचा प्रारंभबिंदू वाटतो.

हा भाग संहितेचा घटक आहे की तिला बाहेरून जोडलेली विनंती आहे, हा प्रश्न अमेरिकेतील एका खटल्यात निर्णायक ठरला. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले रॉबर्ट जेकबसन हे खेळण्यातील आगगाड्यांच्या नियंत्रणासाठी तयार झालेल्या ‘जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस’ या मुक्तस्रोत प्रकल्पाचे प्रमुख होते. या प्रकल्पातील काही व्याख्या-संचिका मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीच्या विक्रीच्या उत्पादनात वापरल्या गेल्या. त्या घेताना लेखकांची नावे, स्वामित्वहक्काची सूचना, परवान्याच्या संचिकेचा उल्लेख, मूळ प्रकल्पाचा निर्देश आणि मूळ संचिकांत कोणते बदल केले याची नोंद, या पाचही गोष्टी गळल्या होत्या. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने ही यादी लक्षपूर्वक पाहावी. एखाद्या पाठाची परंपरा सिद्ध करण्यासाठी आपण ज्या बाबींचा शोध घेतो, त्याच या आहेत.

कनिष्ठ न्यायालयाने २००७ मध्ये असे मत दिले की, परवान्याने दिलेली अनुज्ञा व्यापक आहे आणि नामनिर्देशाच्या अटीने ती मर्यादित होत नाही. फार तर हा कराराचा भंग ठरेल. परवाना विनामूल्य असल्याने कराराच्या भंगातून होणारे नुकसान पैशांत दाखवणे कठीण, म्हणजे व्यवहारतः काहीच हाती लागणार नव्हते. फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने १३ ऑगस्ट २००८ रोजी हा निर्णय फिरवला. त्याचा आधार परवान्याच्या मजकुरातील एका शब्दप्रयोगाचे वाचन हा होता. अनुज्ञा ‘या अटीवर की’ अशा शब्दांत दिलेली आहे. ती अट पाळली गेली नाही तर अनुज्ञाच उरत नाही, आणि जे उरते ते स्वामित्वहक्काचे उल्लंघन होय, असा त्याचा आशय. पैशाची देवाणघेवाण नाही म्हणून मूल्यच नाही असे मानता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे २०१० मध्ये हा वाद तडजोडीने मिटला.

भारतीय वाचकाला येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. आपल्या कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला, त्याने हक्क दुसऱ्यास विकून टाकल्यानंतरही, कृती आपली असल्याचे सांगण्याचा विशेष अधिकार देते. म्हणजे नाव आणि मालकी यांची फारकत आपल्या कायद्याने तत्त्वतः मान्य केलेली आहे. अमेरिकेत लिखित कृतींसाठी असा स्वतंत्र अधिकार नसल्यामुळे तेथे नावाचे रक्षण मालकीच्याच आडोशाने करावे लागले. जेकबसन यांच्या खटल्यातील युक्तिवाद यामुळे काहीसा वळणाचा झाला. परंतु त्याच्या मुळाशी असलेली मागणी साधी होती : घ्या, बदला, विका, पण कोठून घेतले आणि काय बदलले ते सांगा.

३

नाव राखले पाहिजे एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. ते कोठे राखावे, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीचा परवाना या संदर्भात उद्बोधक ठरतो. या परवान्यात पूर्वी एक कलम असे होते की, प्रणालीच्या गुणांचा किंवा वापराचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचे श्रेय छापले पाहिजे. कलम वरकरणी रास्त दिसते. पण इतर लेखकांनी त्याचे अनुकरण करून विद्यापीठाच्या जागी आपापली नावे घातली. परिणामी अनेकांची आज्ञावली एकत्र करणाऱ्याला जाहिरातीत तितकी वाक्ये छापण्याचे बंधन आले. रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या प्रणालीच्या १९९७ मधील एका आवृत्तीत अशी ७५ वाक्ये मोजली होती. अखेर २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम रद्द केले. संहितेतील व सोबतच्या दस्तऐवजांतील सूचना राखण्याची अट मात्र कायम राहिली.

या घटनेचा अर्थ श्रेयनिर्देशाचा पराभव असा लावणे चुकीचे ठरेल. जाहिरातीतील नाव आणि संहितेतील नाव यांच्या स्वरूपातच फरक आहे. पहिले प्रतिष्ठेसाठी असते आणि त्याचा वाचक ग्राहक असतो. दुसरे पाठाच्या परंपरेसाठी असते आणि त्याचा वाचक पुढचा लेखक असतो. प्रतिष्ठेची मागणी गुणाकाराने वाढत जाऊन व्यवहार अशक्य करते. परंपरेची नोंद कितीही वाढली तरी अडथळा होत नाही, कारण ती जेथे लागते तेथेच राहते. विद्यापीठाने १९९९ मध्ये जे सोडले ते प्रतिष्ठेचे नाव होते.

परंपरेच्या नावाबाबत याच विद्यापीठाचा आग्रह त्याआधी दिसून आला होता. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज या कंपनीने १९९२ मध्ये बर्कलीच्या आज्ञावलीत आपला कोड असल्याचा दावा न्यायालयात दाखल केला. विद्यापीठाने प्रतिदावा केला तो असा की, कंपनीच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या प्रणालीतच बर्कलीचा कोड वापरलेला असून परवान्यानुसार द्यावयाचे श्रेय दिलेले नाही. १९९४ च्या तडजोडीत सुमारे १८,००० संचिकांपैकी तीन वगळण्यात आल्या, इतर काही संचिकांत किरकोळ बदल झाले आणि सुमारे ७० संचिकांवर कंपनीची स्वामित्वसूचना घालण्याचे विद्यापीठाने मान्य केले. चौर्याचा आरोप करणाराच श्रेय न देण्याच्या आरोपाचा धनी व्हावा, आणि तडजोडीतही कोणत्या संचिकेच्या माथ्यावर कोणाचे नाव असावे याचा हिशेब व्हावा, ही गोष्ट बोलकी आहे. सामायिक लेखनात उसनवारी सर्वांचीच असते. तिचा हिशेब नीट ठेवलेला असेल तरच वाद मिटवता येतो.

४

आता विरुद्ध बाजूचा विचार करू. नाव असणे पुरेसे आहे काय? आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘क्वेक थ्री अरेना’ या खेळाची स्रोत-आज्ञावली ऑगस्ट २००५ मध्ये जीपीएल परवान्याखाली खुली केली. तिच्यात एका संख्येच्या वर्गमुळाचा व्यस्तांक अतिशय वेगाने काढणारे एक छोटे फलन आहे. अपूर्णांकी संख्येचे बिट पूर्णांकाचे आहेत असे मानायचे, ते एक घर उजवीकडे सरकवायचे, एका विलक्षण स्थिरांकातून वजा करायचे आणि न्यूटनच्या पद्धतीने एकदा शुद्धी करायची, अशी त्याची रीत. स्थिरांक कोठून आला याचे स्पष्टीकरण संहितेत नाही. ज्या ओळीत तो येतो, तिच्या टिपेत केवळ अचंब्याचा एक असभ्य उद्गार आहे. ही टीप रचनाकाराची वाटत नाही. हाती आलेला पाठ न उमगलेल्या, पण त्याचे सामर्थ्य जाणणाऱ्या नकलकाराची ती समास-टीप असावी, असे संहितेच्या अंतर्गत पुराव्यावरून वाटते.

या फलनाचे कर्तृत्व सहजच जॉन कारमॅक यांच्याकडे गेले, कारण त्या खेळाच्या निर्मात्यांत सर्वाधिक ख्यातनाम तेच होते. रिस सॉमेफेल्ट यांनी २००६-०७ मध्ये या प्रश्नाचा पाठपुरावा केला तेव्हा कारमॅक यांनी ते आपले नसल्याचे सांगितले आणि तेरये मॅथिसन यांचे नाव सुचवले. मॅथिसन यांनी तसेच काही लिहिले होते, पण हे नव्हे. गॅरी तारोली यांनी ते वापरले होते, स्थिरांकावर हातही फिरवला होता, पण जनकत्व नाकारले. माग शेवटी १९८० च्या दशकातील आर्डेंट कॉम्प्युटर या कंपनीत काम करणाऱ्या ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत आणि त्यांना प्रेरणा देणाऱ्या क्लीव्ह मोलर यांच्यापर्यंत पोचला. मोलर यांनी या युक्तीचे श्रेय विल्यम काहान आणि के. सी. एनजी यांनी १९८६ च्या सुमारास बर्कली येथे लिहिलेल्या कोडला दिले. या साखळीतील प्रत्येकाने आपल्या वाट्याला आलेले जादा श्रेय परत केले, ही तिची नैतिक बाजू. तिची पाठचिकित्सेची बाजू अशी की, नावाचा उल्लेख पुढे न नेल्यामुळे एका डझनभर ओळींच्या संहितेचा इतिहास तिचे जवळजवळ सर्व कर्ते हयात असताना शोधून काढावा लागला.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही. ‘नामा’ ही मुद्रा असलेले अभंग नामदेवांच्या गाथेत संकलित होताना विष्णुदास नामासारख्या उत्तरकालीन कवीची रचना त्यांत मिसळली, आणि ती वेगळी काढण्याचे काम संशोधकांना करावे लागले. नाममुद्रा तर तेथे प्रत्येक अभंगात होती. तरीही ख्यातनाम नावाने अल्पख्यात नावाला गिळले. याउलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींचा मेळ घालून पाठ शुद्ध केला, तेव्हा आपण काय केले, केव्हा केले आणि मूळ ग्रंथ कोणाचा हे त्यांनी शेवटी नोंदवून ठेवले, तसेच ग्रंथात कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. मिसळण्याबाबतची त्यांची भूमिका मुक्तस्रोत लेखकाच्या नेमकी उलट आहे. तो भर घालण्यास आमंत्रणच देतो. परंतु भर घालणाऱ्याने मूळ आणि भर यांतील सीमारेषा दाखवली पाहिजे, हा आग्रह दोन्हीकडे एकच आहे. जीपीएलच्या १९९१ मधील दुसऱ्या आवृत्तीत बदललेल्या संचिकेवर बदल केल्याची व त्याच्या तारखेची ठळक नोंद करण्याची अट आहे. २००४ मधील अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतही बदललेल्या संचिकांवर तशी ठळक सूचना मागितली आहे. श्रेयनिर्देश म्हणजे केवळ मूळ लेखकाचे स्मरण नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. मूळ लेखकाने जे लिहिले नाही ते त्याच्या नावावर न खपवणे हाही श्रेयनिर्देशाचाच भाग आहे.

५

येथे नावाचे दुसरे कार्य पुढे येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या ‘गिट’ या आवृत्ती-नोंद प्रणालीत प्रत्येक बदलासोबत तो लिहिणारा आणि तो संहितेत दाखल करणारा अशी दोन नावे स्वतंत्रपणे नोंदवली जातात. एखाद्या संचिकेतील प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी आज्ञा या प्रणालीत आहे आणि तिचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणे, असे आहे. नामकरण थट्टेचे असेल, पण अर्थपूर्ण आहे. ज्या नोंदीवरून श्रेय द्यावयाचे, तिच्यावरूनच दोषही द्यावयाचा. लिनक्सच्या गाभ्यात २००४ पासून प्रत्येक योगदानकर्त्याने, आणि ते पुढे नेणाऱ्या प्रत्येक हाताने, हे योगदान देण्याचा आपणास अधिकार आहे असे प्रमाणित करून नावाची ओळ जोडावी, अशी पद्धत सुरू झाली. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा केला होता, ही तिची पार्श्वभूमी.

फूको यांनी लेखकाच्या नावाचा उगम दंडाच्या शक्यतेत पाहिला. येथेही नाव उत्तरदायित्वाशी जोडलेले आहे. मात्र ते कोणा सत्तेने लादलेले नाही. समूहाने ते परस्परांसाठी स्वीकारलेले आहे. दोष सापडला तर कोणाकडे जावे, अनुज्ञेविषयी शंका आली तर कोणाला विचारावे, आणि एखादा निर्णय का घेतला गेला हे कोणाच्या इतर लेखनावरून ताडावे, या तीन प्रश्नांची उत्तरे नावाच्या आधारे मिळतात. अर्थाचे अंतिम प्रमाण म्हणून लेखकाला नाकारणे आणि संहितेच्या वंशावळीतील एक दुवा म्हणून त्याचे नाव राखणे, यांत विसंगती नाही. पहिला प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे, दुसरा प्रामाण्याचा. आपल्या चर्चेत या दोहोंची गल्लत झाली, आणि ‘लेखक मेला’ या सूत्राचा उपयोग काही वेळा उसनवारी न सांगण्याचे समर्थन म्हणून होऊ लागला.

६

या गल्लतीला अलीकडे नवे गांभीर्य प्राप्त झाले आहे. सार्वजनिक रीत्या उपलब्ध असलेल्या कोडवर प्रशिक्षित झालेले ‘गिटहब कोपायलट’ हे साधन जून २०२१ मध्ये पुढे आले. पुढच्याच महिन्यात त्याने क्वेकचे वर उल्लेखिलेले फलन, त्यातील असभ्य उद्गारासह, जसेच्या तसे उतरवल्याचे आणि त्यावर भलत्याच परवान्याचा मजकूर डकवल्याचे निदर्शनास आले. नकलकाराचा अचंबाही नकलेत आला. गळले ते फक्त मूळ परवान्याचे बंधन आणि उगमाचा निर्देश. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही अनामिक आज्ञावलीकारांनी कॅलिफोर्नियात दावा दाखल केला. नावे व परवाने गाळून कोडचे पुनरुत्पादन होते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. स्वामित्वविषयक माहिती काढून टाकल्याचा मुद्दा न्यायाधीशांनी २०२४ मध्ये फेटाळला व वादी त्याविरुद्ध अपिलात गेले.

न्यायालयाचा कौल काहीही असो, संहिताविचाराच्या दृष्टीने प्रश्न स्वतंत्र राहतो. असंख्य संहितांच्या मिश्रणातून निघालेल्या ओळींना उगम नसतोच, असा युक्तिवाद केला जातो. बार्थ यांच्या मांडणीत संहिता हे अनेक स्रोतांतून आलेल्या अवतरणांचे वस्त्र असते. त्या मांडणीची ही यांत्रिक सिद्धी आहे असेही कोणी म्हणेल. परंतु बार्थ यांनी लेखकाला बाजूला सारले ते वाचकाला स्थान मिळावे म्हणून. उगम पुसलेल्या कोडसमोर वाचकाचीच स्थिती दुबळी होते. ही ओळ कोणत्या अटींवर घेता येईल, ती कोणी तपासली आहे, तिच्यातील दोष अन्यत्र दुरुस्त झाला आहे काय, यांपैकी काहीही त्याला ठरवता येत नाही. क्वेकच्या फलनाचा माग निदान एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे काढता आला. जेथे विचारायला माणूसच नाही, तेथे तोही मार्ग खुंटतो.

यावरून असे म्हणता येईल की, मुक्तस्रोत व्यवहारातील श्रेयनिर्देश हा मालमत्तेचा अवशेष नाही आणि कीर्तीचे मोलही नाही. तो संहितेचा घटक आहे. तो काढला तर जे उरते ते कार्यक्षम असले तरी वाचनीय राहत नाही. तो योग्य रीतीने करावयाचा तर मूळ लेखकाचे नाव, उगमाचे स्थान व आवृत्ती, परवान्याचा अखंड मजकूर आणि आपण केलेल्या बदलांची तारखेसह नोंद, एवढ्या गोष्टी संहितेबरोबरच ठेवाव्या लागतात. ग्रंथाच्या कोणत्याही जबाबदार संपादकाकडून आपण याहून वेगळी अपेक्षा करत नाही. आपल्या विद्यापीठांतूनही आता शब्दसंग्रह, शब्दगणना आणि हस्तलिखितांचे संगणकीकरण यांसाठी दुसऱ्यांच्या आज्ञावल्या वापरल्या जातात. प्रबंधातील एका वाक्याच्या उसनवारीबाबत जो विद्यार्थी दक्ष असतो, तोच ज्या कोडवर त्याचे सर्व निष्कर्ष आधारलेले आहेत त्याच्या लेखकाचे नाव लिहीत नाही. आणि परीक्षकही ते विचारत नाही. कायद्याने ज्या लेखनाला साहित्यकृती म्हटले, त्याला निदान उद्धृताची प्रतिष्ठा देण्यास आपण शिकले पाहिजे.